सहप्रवासी: पंचेचाळीस किलो

एकोणीस मार्चला सकाळी पावणेदहाच्या सुमारास वरंध घाटाच्या चढावर एका मोटारसायकलचं डाव्या बाजूचं लेडीज फूटरेस्ट तुटलं. मागे बसलेली बाई रस्त्यावर पडली. तिचं डावं मनगट मोडलं आणि कपाळ खरचटलं. गाडी तिचा नवरा चालवत होता. गाडी पडली नाही. दोघं खडकीहून महाडला निघाले होते. फूटरेस्ट त्यांनी महिन्यापूर्वी नाना पेठेतल्या एका दुकानातून घेतलं होतं, कारण ते दूरच्या प्रवासाला चांगलं आहे असं वर्तमानपत्रात छापून आलं होतं. तो मजकूर माझा होता.

मी तेव्हा शनिवार पेठेतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. नव्या मोटारसायकली बाजारात येऊन काही वर्षं झाली होती. खराडीला आयटी कंपन्यांच्या पहिल्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि हातात पगार आलेली मुलं गाडी घेतली की महिनाभरात तिला काहीतरी जोडायला नाना पेठेत जात. जादा दिवे, रुंद सीट, सामानाच्या पेट्या, क्रॅशगार्ड. यातलं काय टिकतं हे सांगणारा मजकूर शनिवारच्या पुरवणीत द्यावा असं ठरलं. माझ्याकडे मोटारसायकल होती, म्हणून काम माझ्याकडे आलं. वस्तू दुकानातून विकत घ्यायची, गाडीला लावायची, दोनशे-तीनशे किलोमीटर जाऊन यायचं आणि चारशे शब्द लिहायचे.

मजकुरात ‘मी’ लिहायचं नाही हा नियम होता. ‘चाचणीत आढळले’, ‘चाचणीत दिसले’ असं लिहायचं. मजकुराखाली एक चौकट असे. तिच्यात अंतर, रस्ता, हवा, सरासरी वेग आणि सहप्रवासी अशा पाच ओळी. चौकट पहिल्या आठवड्यात पुरवणी संपादकांनी आखून दिली होती. पाचव्या ओळीपुढे दर वेळी ‘नाही’ छापलं जाई.

त्याचं कारण साधं होतं. माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असे. मंगळवारी पुण्यात कोणी रिकामं नसतं. मी चंदननगरला दोन खोल्यांत राहत होतो आणि घरी दुसरं कोणी नव्हतं. मंगळवारी सकाळी सहाला निघायचं, महाबळेश्वर किंवा अहमदनगर किंवा मुरूड गाठायचं, जेवायचं आणि परतायचं. काही मंगळवारी दिवसभरात बोललेली वाक्यं मोजता आली असती. एक पेट्रोलपंपावर, एक जेवताना, एक चहाच्या टपरीवर. पहिलं वाक्य बहुतेक वेळा ‘फुल करा’ हे असे.

हा क्रम सव्वा वर्ष चालला. मग एक पोस्टकार्ड आलं. अक्षर शिक्षकाचं होतं, ओळ सरळ, काना न चुकलेला.

‘आपल्या चौकटीत “सहप्रवासी: नाही” असे गेले कित्येक शनिवार वाचत आहे. मोटारसायकलला मागची सीट कंपनीने शोभेसाठी दिली आहे असा आपला समज झालेला दिसतो. मागे बसणाऱ्यांनाही हाडे असतात. लेडीज फूटरेस्टची चाचणी आपण कधी घेणार, ते कळवावे. कळावे, लो. अ.’

खाली सही आणि खडकीचा पत्ता. पुरवणी संपादकांनी कार्ड दोनदा वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“बाईंचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “घ्या एक चाचणी.”

“मागे बसायला माणूस लागेल.”

“बघा कोणी मिळतं का. नाहीतर वजन ठेवा काहीतरी.”

मी दुसरा पर्याय लगेच घेतला. पहिला करून पाहिला नाही. घराजवळ एका इमारतीचा पाया खणला जात होता, तिथल्या मुकादमाला विचारून सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरली. भंगारवाल्याच्या काट्यावर ती पंचेचाळीस किलो भरली. मागच्या सीटवर मधोमध उभी ठेवून ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली. त्यातलीच दहा किलो वाळू वेगळ्या पिशवीत काढून खाली फूटरेस्टवर बांधली, पायांच्या जागी. फूटरेस्ट घडीचं होतं. नेहमीच्यापेक्षा चार इंच खाली येणारी रुंद लोखंडी फळी, साडीगार्डला क्लॅम्पनं आवळायची. बनवणाऱ्याचं नाव त्यावर नव्हतं.

पुणे–सातारा–पुणे आणि पुढच्या मंगळवारी पुणे–नारायणगाव–पुणे अशी चाचणी झाली. क्लॅम्प सैल झाला नाही, फळी वाकली नाही. ‘चाचणीत कोणताही दोष आढळला नाही. दूरच्या प्रवासास योग्य,’ असं लिहिलं. चौकटीत पाचव्या ओळीपुढे लिहिलं: पंचेचाळीस किलो. मजकूर फेब्रुवारीतल्या एका शनिवारी छापून आला.

एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. पुढच्या दोन चाचण्यांना गोणीची गरज नव्हती. एक आरशांची होती आणि एक हॉर्नची. गोणी दोन्ही वेळा मागच्या सीटवर बांधलेली होती.

मार्च संपताना दुसरं पोस्टकार्ड आलं. अक्षर तेच होतं, ओळी थोड्या उतरत्या.

‘आपण छापलेले पंचेचाळीस किलो कोणाचे, ते कळवावे. माझे बासष्ट आहे. सोबत अपघाताची हकीकत कळवत नाही. कार्डावर मावणार नाही. घरी येऊन ऐकावी.’

मी त्याच आठवड्याच्या मंगळवारी गेलो. खडकी बाजारामागच्या गल्लीत तळमजल्यावरचं घर होतं. बाहेर भिंतीला टेकून मोटारसायकल उभी होती आणि तिच्या साडीगार्डला फूटरेस्टचा क्लॅम्प आणि त्याला उरलेला दोन बोटं लोखंडाचा तुकडा तसाच होता. बाई महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. मिस्टर दारूगोळा कारखान्यात फिटर होते, तेही निवृत्त. ते बायकोला ‘बाई’च म्हणत, अख्खी गल्ली म्हणे तसं.

“या,” बाई म्हणाल्या. “मिसेसना नाही आणलंत?”

“लग्न झालेलं नाही.”

“मग ते पंचेचाळीस किलो?”

मी सांगितलं. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

“ऐकलंत? वाळू. मी म्हटलं यांच्या मिसेस असतील. मनात म्हटलं, बारीक आहे बिचारी, हिच्या पायाला टिकलं ते माझ्या पायाला कसं टिकेल. तर हे म्हणाले, पेपरात आलंय, टिकेल.”

“मी म्हणालो नाही. तूच घ्या म्हणालीस.”

“मी घ्या म्हणाले. टिकेल तुम्ही म्हणालात.”

हकीकत अशी होती. बाईंची मावसबहीण महाडला राहते. वीस मार्चला पहाटे चवदार तळ्यावर जायचं, म्हणून दोघं दर वर्षी एकोणीसला निघून तिच्याकडे मुक्काम करत. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्यातली सव्वीस वर्षं हा प्रवास मोटारसायकलवर झाला होता, आधी एका गाडीवर आणि मग दुसऱ्या. बाई साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर पाय पुरता वाकेना आणि नेहमीच्या उंच फूटरेस्टवर ठेवता येईना. एक वर्ष महाडला जाणं चुकलं. खाली येणारी फळी मिळाली तर पुन्हा जाता येईल, म्हणून त्यांनी पहिलं कार्ड लिहिलं होतं. कार्डात हे लिहिलं नव्हतं.

“आता एसटीनं जायचं,” बाई म्हणाल्या. “गाडीवर मी बसायची नाही.”

मिस्टर म्हणाले, “मला एसटी लागते.”

“सव्वीस वर्षं घाटात गाडी चालवणाऱ्या माणसाला एसटी लागते,” बाई मला म्हणाल्या. “लिहा पेपरात.”

मिस्टरांनी तुटलेली फळी आणून माझ्या हातात दिली. तुटलेली कड दाखवली. निम्मी कड गंजलेली होती आणि निम्मी चकचकीत. “चीर आधीची आहे. एका दिवसात नाही तुटलं. वेल्डिंग रोज थोडं थोडं सुटत गेलं.” त्यांनी विचारलं, “तुमची पिशवी गाडीवर चढायची कशी?”

“मी उचलून ठेवायचो.”

“बाई फळीवर पाय देऊन चढते. सगळं वजन एका पायावर, एका टोकाला. एवढी वर्षं माझ्या खांद्याला धरून अशीच चढते.”

वाळूची गोणी चढत नाही आणि उतरत नाही. चाचणीत हे आढळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुरवणी संपादकांना सगळं सांगितलं आणि दुरुस्ती छापू या म्हणालो. वर्तमानपत्रात तीन शब्द वेगळे असतात. आपली माहिती चुकली तर दुरुस्ती. समोरच्याचं म्हणणं छापायचं असेल तर खुलासा. वकिलानं सांगितलं तर दिलगिरी.

“चूक काय छापली आपण?” त्यांनी विचारलं. “पंचेचाळीस किलो होतं की नव्हतं?”

“होतं.”

“वजन केलं होतं?”

“काट्यावर.”

“मग?”

“सहप्रवासी म्हटलं. ती वाळू होती.”

“तुमच्याबरोबर साताऱ्याला आली ना?”

“आली.”

“परत आली?”

“आली.”

“मग झाली की सहप्रवासी. दुरुस्ती कसली करता?” ते हसले, मग थांबले. “हे बघा, छापलेला एकही शब्द चुकीचा नाही. नवीन चाचणी घ्या. नवीन काही निघालं तर ते छापू. पण या वेळी माणूस बसवा.”

माणूस शोधायला तीन आठवडे गेले. शेजारच्या फ्लॅटमध्ये चार सॉफ्टवेअरवाली मुलं राहत होती. त्यातल्या एकाला विचारलं. “ट्यूसडेला? सर, ऑफिस असतं हो,” तो म्हणाला. “संडे असेल तर सांगा.” रविवारी मी रात्रपाळीला असे. कचेरीतल्या एका सहकाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, साडी नेसायची असेल तर जादा भत्ता लागेल. बहीण नागपूरला होती. एका कागदावर आणखी नावं लिहायला घेतली. कागदावर दोन नावं झाली. त्यातला एक मित्र पुणे सोडून बंगलोरला गेला होता, हे लिहून झाल्यावर आठवलं.

हे मी खडकीला फोन करून कळवलं. फोन बाईंनी घेतला.

“म्हणजे आख्ख्या पुण्यात तुमच्या मागे बसायला कोणी नाही.”

“मंगळवारी नाही.”

पलीकडे थोडा वेळ काही बोलणं झालं. मग बाई म्हणाल्या, “हे म्हणतात, तुम्ही मागे बसा. गाडी हे चालवतील.”

पुढच्या मंगळवारी सकाळी नाना पेठेतून त्याच नमुन्याचं दुसरं फूटरेस्ट घेऊन मी गेलो. मिस्टरांनी ते बसवलं. बाई गल्लीत खुर्ची टाकून बसल्या, मांडीवर वही. मिस्टर गाडीवर बसून दोन्ही पाय टेकून गाडी धरून राहिले. मी फळीवर डावा पाय देऊन, त्यांच्या खांद्याला धरून चढायचो, दोन्ही पाय डावीकडे सोडून बसायचो आणि उतरायचो. बाई रेघ मारायच्या. माझं वजन सदुसष्ट किलो होतं.

“असं उडी मारून नाही चढत बायका,” बाई म्हणाल्या. “साडी असते. हळू पाय टेका, मग वजन द्या.”

मी तसं केलं.

“हां. आता पदर सांभाळा.”

समोरच्या घरातली बाई दारात आली. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “बाई, पाहुण्यांना गाडी शिकवताय का?”

“बसायला शिकवतेय,” बाई म्हणाल्या. “चालवता येते त्यांना.”

त्रेपन्नाव्या वेळी फळीच्या मुळाशी बारीक आवाज आला. मिस्टरांनी बॅटरी धरून बघितलं. वेल्डिंगच्या वरच्या कडेला चीर पडली होती, नखाएवढी. बाईंनी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या, शाळेत बेरजेखाली ओढतात तशा. मग त्यांनी स्वतःचा हिशोब केला. फूटरेस्ट घेतल्यापासून घाटापर्यंत त्या किती वेळा चढल्या असतील, बाजार, दवाखाना, विहार धरून. साठच्या आसपास आलं.

मिस्टरांनी नवं फूटरेस्ट स्वतः बनवलं. त्याला दोन आठवडे लागले. फळी तशीच ठेवली, पण तिच्या टोकापासून गाडीच्या चेसीपर्यंत एक तिरका आधार दिला. गल्लीत पुन्हा चढउतार झाली, दीडशे वेळा, दोन दिवसांत मिळून. चीर पडली नाही. मग रस्त्यावरची चाचणी ठरली, खडकी ते भोर आणि परत.

बाई आल्या नाहीत. त्यांनी डबा दिला.

मोटारसायकलवर मागे बसण्याची माझी कॉलेजनंतरची ती पहिलीच वेळ होती आणि एका बाजूला पाय सोडून बसण्याची एकूणच पहिली. चाचणीत आढळलेल्या गोष्टी अशा. रस्त्याची फक्त डावी बाजू दिसते. खड्डा आधी कळत नाही, पाठीला कळतो. ब्रेक लागला की सगळं शरीर पुढच्या माणसावर जातं आणि फळीवरचा पाय तेवढाच त्याला अडवतो. पुढचा माणूस बोलतो ते निम्मं वाऱ्यावर जातं. मिस्टर बरंच बोलत होते. मी ‘हो’ म्हणत होतो. कात्रजच्या चढाला ते मान वळवून ओरडले, “खांदा धरा. मागची दांडी धरली तर मला वळणावर कळत नाही तुम्ही कुठे आहात.” मी खांदा धरला.

कापूरहोळला चहाला थांबलो. टपरीवरचा माणूस मी उतरताना बघत होता.

“पावणं, पायाला काय लागलंय का?”

“नाही.”

“मग असं बाईमानसावानी का बसताय?”

“फूटरेस्टची चाचणी आहे,” मिस्टर म्हणाले.

“आनि बाई कुठाय?”

“घरी आहे. बसत नाही म्हणते.”

टपरीवाल्यानं दोन चहा पुढे केले. “मग खरंय तिचं,” तो म्हणाला.

चहा पिताना मिस्टरांनी मला विचारलं, एकटं जाताना गाडी हलकी लागत नाही का. मी म्हणालो, सवय आहे. ते म्हणाले, “मला लागते. ती मागे नसली की वळणावर गाडी कुठवर झुकवायची ते कळत नाही. कारखान्यात जाताना एकटाच जायचो, तेव्हा नाही कळलं. घाटात कळतं.”

भोरहून परतलो. एकशे बारा किलोमीटर झाले. फूटरेस्ट हललं नाही. मी घरी आलो तेव्हा डावीकडे वळून बसल्यानं कंबर धरली होती आणि ती दोन दिवस तशीच होती. डबा परत द्यायचा राहिला होता, तो पुढच्या मंगळवारी दिला.

जूनच्या एका शनिवारी मजकूर छापून आला. चौकटीत पाचव्या ओळीपुढे ‘एक पुरुष, सदुसष्ट किलो, एका बाजूस पाय सोडून’ असं होतं. शेवटच्या परिच्छेदात तीन वाक्यं होती. याच वस्तूच्या आधीच्या चाचणीत माणसाऐवजी वाळूची गोणी वापरली होती. गोणीमुळे वेल्डिंगचा दोष दिसला नाही. बाजारातलं हे फूटरेस्ट वापरू नये. पुरवणी संपादकांनी तिन्ही वाक्यं ठेवली. “ही दुरुस्ती नाही, ही बातमी आहे,” ते म्हणाले. नाना पेठेतल्या दुकानदाराचा फोन आला. तो चिडला होता. वाचकांची चार पत्रं आली, त्यातली तीन विनोदी होती.

खडकीहून पत्र आलं नाही. मी फोन केला. बाई म्हणाल्या, वाचलं.

“मग आता बसाल?”

“तुम्ही बसलात ना. तुमचं तुम्हाला लखलाभ.”

प्लास्टर निघालं होतं. मनगट थंडीत दुखायचं. मिस्टरांनी केलेलं फूटरेस्ट गाडीला लावलेलं होतं, पण बाई बाजारातही चालत किंवा रिक्षानं जात. पावसाळ्यात मिस्टरांनी फळीला दोनदा रंग दिला. दिवाळीनंतर मी एकदा गेलो तेव्हा ते गाडी धुत होते. फळीची घडी उघडून खालून फडकं फिरवत होते. रंग कुठेही उडालेला नव्हता. बाईंनी चहा केला आणि येत्या मार्चला महाडला एसटीनं जायचं ठरलंय असं सांगितलं. मिस्टर म्हणाले, ते गाडीनं जाणार. बाई म्हणाल्या, जा. हे बोलणं आधी बऱ्याच वेळा झालेलं असावं, कारण दोघांपैकी कोणी आवाज चढवला नाही.

मी चाचण्या घेतच होतो. चौकटीत पुन्हा ‘नाही’ छापलं जात होतं. एक वस्तू मागच्या सीटची होती, पाठ टेकायची उशी. ती मी घेतली नाही.

पुढच्या वर्षी एकोणीस मार्चला बाई सकाळी सहाच्या सुमाराच्या एसटीनं स्वारगेटहून निघाल्या. मिस्टर मोटारसायकलवर बसच्या मागे होते. भोरला बस दहा मिनिटं थांबली, तेव्हा त्यांनी खिडकीतून बाईंना चहा दिला. घाटात बस पुढे गेली.

दुपारी पाऊण वाजता कचेरीत फोन आला. मागे रस्त्याचा आवाज होता. एसटीडी बूथवरून बाई बोलत होत्या.

“जयभीम. महाडहून बोलतेय. पोचलो.”

मी विचारलं, दोघं? हो, म्हणाल्या. बस आधी पोचली होती. त्या स्टँडवर अर्धा तास थांबल्या, मग मिस्टर आले. बहिणीचं घर स्टँडपासून दीड किलोमीटरवर आहे. रिक्षा उभ्या होत्या.

तेवढं अंतर त्या गाडीवर मागे बसून गेल्या.